कृपेने तारण: ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा, सोप्या भाषेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी असली तरी अनोळखी नाहीत. कॅम्पातल्या मिशनच्या शाळांत शिकलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात, नाताळचा फराळ शेजाऱ्यांच्या घरी पोचतो आणि रविवारी बेळगावात मराठी, कन्नड, कोकणी, इंग्रजी अशा चार भाषांत उपासना चालतात. तरीही या शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा जो गाभा आहे, तो बहुतेकांच्या कानावर अर्धवटच आलेला असतो. 'येशूवर विश्वास ठेवला की पापे माफ, मग काहीही करायला मोकळे' हे त्याचे ढोबळ रूप चहाच्या टपरीवरही ऐकू येते. खरे सांगायचे तर रोज बायबल वाचणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ही शिकवण याहून फारशा नेमकेपणाने सांगता येत नाही.

मोक्ष म्हटले की आपल्यापुढे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका येते. ख्रिस्ती तारणाची चौकट निराळी आहे. तिच्यात जन्म एकच असतो, आणि प्रश्न असतो तो निर्माणकर्त्याशी बिघडलेले नाते पुन्हा जुळण्याचा. हे नाते बिघडवणाऱ्या गोष्टीला पाप म्हणतात. पण चोरी, खोटेपणा, व्यभिचार अशी कृत्यांची यादी म्हणजे पाप, एवढाच त्याचा अर्थ नाही. त्या कृत्यांच्या मुळाशी स्वतःलाच मध्यभागी ठेवून जगण्याची जी ओढ असते, ती खरी व्याधी मानली जाते, आणि ती चोरात असते तशीच सज्जनातही असते. सर्वांनीच पाप केले आहे, असे येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांस, लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो, तेव्हा त्याचा रोख गुन्हेगारांकडे नसून धर्म काटेकोरपणे पाळणाऱ्या माणसांकडे आहे.

एकदा हे निदान स्वीकारले की अडचण आपोआप उभी राहते. जी इच्छाशक्तीच वाकडी झालेली आहे, तिच्याच बळावर माणूस सरळ कसा होणार? लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एकात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे आठवड्यातून दोनदा उपास करणारा आणि मिळकतीचा दशांश देणारा. दुसरा जकातदार, ज्याच्या धंद्याची लोकांना किळस होती. पहिला देवापुढे आपल्या सत्कृत्यांचा पाढा वाचतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. दुसऱ्याला मान वर करण्याचेही धैर्य होत नाही; तो फक्त दया मागतो. देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा. परूश्याची कृत्ये खोटी होती असे येशू कुठेही म्हणत नाही. उपास खरा होता, दानही खरे होते. बिघाड होता तो त्या कृत्यांचा हिशेब देवापुढे मांडण्यात.

म्हणून पुढाकार देवाकडूनच यावा लागतो, आणि माणसाची कोणतीही लायकी नसताना देवाने घेतलेल्या या पुढाकाराला ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात. माणूस सुधारला आणि मग देव प्रसन्न झाला, असा हा क्रम नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे पौलाने लिहिले आहे, आणि त्या 'असतानाच'वर सगळा भार आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हेच अधिक स्पष्ट होते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते तुमच्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, आणि ते कर्मांनी मिळत नाही, यासाठी की कोणी आढ्यता बाळगू नये.

सीमाभागातल्या शेतकऱ्याला हे समजून घ्यायला कर्जमाफीचा अनुभव उपयोगी पडेल, कारण त्याने दोन्ही राज्यांच्या कर्जमाफ्या जवळून पाहिल्या आहेत, २०१७ मधली महाराष्ट्राची आणि २०१८ मधली कर्नाटकाची. पीककर्ज थकलेले असते, व्याज चढत असते, उताऱ्यावर बोजा असतो, आणि एक दिवस तो बोजा उतरतो. शेतकऱ्याने फेड केली म्हणून तो उतरलेला नसतो. त्याच्या नावची रक्कम दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. माफ झालेले कर्ज हवेत विरून जात नाही, ते कोणाच्या तरी खिशातून जातेच. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे पाहतो ते याच अर्थाने: माफी फुकट मिळाली, पण फुकटात झाली नाही, आणि भरणारा खिसा ज्याला देणे लागत होते त्या देवाचाच होता. स्वतः येशूनेही पापाबद्दल बोलताना कर्जाचाच दाखला दिलेला आहे, त्याकडे आपण पुढे येऊच.

दुसरे साम्य अधिक बोचरे आहे. कर्जमाफी जाहीर झाली की पहिली तक्रार नियमित हप्ते भरणाऱ्याची असते, की आम्ही पोटाला चिमटा घेऊन फेडले, हाच आमचा गुन्हा काय? ही तक्रार इतकी रास्त वाटली की दोन्ही सरकारांना नियमित फेड करणाऱ्यांसाठी २५,००० रुपयांपर्यंतची वेगळी तरतूद करावी लागली. येशूच्या दाखल्यांत हीच तक्रार अगदी याच सुरात येते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे लावलेल्या मजुराला जेवढी मजुरी देतो, तेवढीच दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यालाही देतो, आणि पहाटेचा मजूर कुरकुरतो. बापाची संपत्ती उधळून आलेल्या धाकट्या मुलासाठी घरात मेजवानी होते, आणि इतकी वर्षे शेतात राबलेला थोरला मुलगा दाराबाहेर रुसून उभा राहतो. या दाखल्यांत मात्र थोरल्यासाठी प्रोत्साहनाची रक्कम नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, पण त्याचा हिशेब मान्य करत नाही. मला वाटते, कृपेची शिकवण लोकांना खुपते ती इथे. ती फार सोपी आहे अशी तक्रार तोंडावर असते. खरे दुखणे हे असते की ती आपल्या कष्टांना श्रेय देत नाही.

अर्थात साम्य इथवरच जाते. सरकारी कर्जमाफीला कमाल मर्यादा होती, कागदपत्रे होती, पात्रतेच्या अटी होत्या. पौलाच्या मते कृपेला पात्रतेची अट लावली की ती कृपाच उरत नाही. शिवाय बोजा उतरल्यावर बँक शेतकऱ्याला घरी जेवायला बोलावत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत मात्र माफी ही केवळ सुरुवात आहे. माफ झालेल्या माणसाला देव दत्तक मुलगा म्हणून घरात घेतो आणि वारसा देतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे.

ही शिकवण कोणा तत्त्वज्ञाच्या एकांतातून आलेली नाही. ती कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, या भांडणातून आकाराला आली. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी होते. इतर समाजांतले लोक येशूला मानू लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला की या नव्या लोकांनी सुंता करून घ्यावी का, मोशेच्या नियमशास्त्रातले, म्हणजे यहुदी धर्मनियमांतले, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळावेत का. सध्याच्या तुर्कस्तानात असलेल्या अंत्युखिया नगरात पेत्र या परजातीयांबरोबर मोकळेपणाने जेवत असे. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली आणि त्यांच्या भीतीने तो हळूच त्या पंगतीतून बाजूला झाला; त्याचे पाहून बाकीचे यहुदीही उठले. पेत्र म्हणजे येशूचा पट्टशिष्य. तरीही पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर खडसावले, आणि ती हकिकत त्याने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद करून ठेवली आहे. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, हे त्याचे प्रसिद्ध विधान त्याच हकिकतीला जोडून येते. पौलाचा युक्तिवाद साधा होता: देवाने ज्याला अट न घालता स्वीकारले, त्याच्याबरोबर जेवायला तुम्ही अट कशी घालता? आपल्या मुलखातल्या ख्रिस्ती समाजातही जात संपलेली नाही, सोयरीक जुळवताना ती अजून विचारली जाते, हे येथील ख्रिस्ती मंडळी खासगीत कबूल करतात. पौलाच्या दृष्टीने तो केवळ सामाजिक दोष ठरला नसता. कृपा न समजल्याचाच तो पुरावा ठरला असता.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येऊ. सगळे माफच होणार असेल तर चांगले वागायचे कशासाठी? हा प्रश्न पौलाच्या हयातीतच त्याला विचारला गेला होता. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय, असे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःच विचारतो आणि तसे कधीच न होवो असे उत्तर देतो. त्याचे म्हणणे असे की सत्कर्म हे तारणाचे कारण नसून तारणाचा परिणाम आहे, आणि परिणाम दिसतच नसेल तर कारणाबद्दलच शंका घ्यावी. याकोबाच्या पत्रात हीच बाजू कडक शब्दांत येते: कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. तेवढ्यावर न थांबता याकोब म्हणतो की देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे इथे ज्याला विश्वास म्हटले आहे, तो एखादे मत मान्य करण्याचा प्रकार नाही. आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकून त्याच्या मागे चालू लागणे, असा तो भरवसा आहे.

कर्जाचा जो दाखला मागे राहिला, तो इथे लागू पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज राजा माफ करतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा ही रक्कम सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढी होते. कोणत्याही चाकराने सात जन्मांत फेडू नये अशी. तोच चाकर बाहेर पडताच, आपले १०० दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो. राजाला हे कळते, आणि दिलेली माफी तो मागे घेतो. माफी मिळवण्यासाठी चाकराला काहीच करावे लागले नव्हते, पण ती मिळाल्यावर तिने त्याला बदलले नाही, हे मात्र खपवून घेतले गेले नाही. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ मध्ये फाशी गेलेले जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी 'स्वस्त कृपा' म्हणून जिच्यावर टीका केली, ती नेमकी ही: पश्चात्तापाविना क्षमा आणि अनुसरणाविना कृपा.

दुसऱ्या टोकाची चूक श्रद्धाळूंच्या हातून होते. नवस आपल्या सगळ्यांच्याच रक्तात आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला बोललेला नवस आणि मुलगा पास झाल्यास इतक्या मेणबत्त्या लावीन असे ख्रिस्ती आईने ठरवणे, यांत भावना एकच असते, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु देवाण-घेवाणीची ही रीत तारणाला लावली की कृपेची जागा व्यवहार घेतो. चर्चला किती दिले, उपास किती केले, प्रार्थना किती लांब केली, यांवर देवाची मर्जी मोजू लागलेला माणूस नकळत त्या परूश्याच्या जागी जाऊन उभा राहतो.

मग माणसाच्या वाट्याला काहीच उरत नाही का? या एका प्रश्नावर ख्रिस्ती धर्मात दीड हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस नावाच्या साधूने असे मांडले की देवाने आज्ञा दिल्या आहेत त्याअर्थी त्या पाळण्याची शक्तीही माणसात आहे. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी त्याला उत्तर दिले की चांगले करण्याची इच्छासुद्धा कृपेनेच जागी होते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसची शिकवण नाकारली. हा पेच आपल्याला अगदीच परका नाही. रामानुजांच्या परंपरेत पुढे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय मांडले गेले, एकात पिल्लू आईला घट्ट धरते आणि दुसऱ्यात आईच पिल्लाला तोंडात धरून नेते. वाद तोच होता, शरणागताचा स्वतःचा वाटा किती.

सोळाव्या शतकात त्याच वादाने युरोपातली चर्च दुभंगली. पापाबद्दल भोगावी लागणारी शिक्षा कमी करणारी माफीपत्रे त्या काळी पैसे घेऊन दिली जात. जर्मन संन्यासी मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, आणि पुढे माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो ही शिकवण प्रॉटेस्टंट चळवळीचा पाया झाली. याला कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ मध्ये सविस्तर उत्तर दिले. कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणाऱ्याचा निषेध त्या निर्णयाच्या पहिल्याच कलमात आहे. कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळते असे मानतात, हा प्रॉटेस्टंट घरांतला पक्का समज म्हणूनच बरोबर नाही. फरक आहे, पण तो अधिक बारीक आहे. मघाच्याच भाषेत सांगायचे तर प्रॉटेस्टंटांच्या मते उताऱ्यावरचा बोजा उतरणे ही एक घटना आणि जमीन हळूहळू कसदार होणे ही तिच्यानंतरची दुसरी. कॅथलिकांच्या मते बोजा उतरणे आणि जमीन कसदार होणे ही एकाच कृपेची एकच क्रिया आहे, आणि तिच्यात कृपेने जागे झालेले माणसाचे मनही सहकार्य करते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात आमच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आमचा स्वीकार करतो, असे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्ट चर्च २००६ मध्ये आणि सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्विन यांच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड चर्च २०१७ मध्ये त्याच्याशी जोडल्या गेल्या.

बेळगावच्या दृष्टीने यात मेथडिस्टांचे सामील होणे महत्त्वाचे आहे. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने येथे काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले. मेथडिस्ट परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांचे म्हणणे असे होते की माणसाने देवाकडे वळण्याआधीच एक कृपा प्रत्येकाच्या अंतःकरणात काम करत असते. तिच्यामुळेच होकार देण्याची ताकद येते, पण होकार किंवा नकार माणसाचाच असतो. ज्यांना तारायचे त्यांना देवाने आधीच निवडले आहे, हे कॅल्विनच्या अनुयायांचे मत त्यांना पटले नाही. येथील कॅथलिक समाज, ज्यात गोव्याकडून आलेली कोकणी कुटुंबे बरीच आहेत आणि ज्यासाठी १९५३ मध्ये बेळगावचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले, तो कृपा मुख्यतः सात संस्कारांतून मिळते असे मानतो. कुमसाराला जाऊन फादरांपुढे पापे सांगणे हे त्यांच्या लेखी क्षमा विकत घेणे नसते. पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर तो संस्कार लागू पडत नाही, असे त्यांचे शास्त्र सांगते.

हे भेद पुस्तकातच राहतात असे नाही, ते चालीरीतींतही दिसतात. कॅथलिक आणि मेथडिस्ट तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात, कारण ज्याला अजून काहीच करता येत नाही त्याच्यावरही देवाची कृपा होते. पेंटेकॉस्टल आणि बाप्टिस्ट मंडळ्या मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबतात. दर २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतात, कारण कृपेत मेलेल्या माणसाचेही शुद्धीकरण बाकी असू शकते असे ते मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मृतांबद्दल देवाचे आभार मानतात, त्यांच्यासाठी क्षमा मागत नाहीत. आपले तारण झाले याची खात्री जिवंतपणी बाळगता येते का, यावरही एकमत नाही. ट्रेंटच्या सभेने अशा निःशंक खात्रीविरुद्ध सावध केले, वेस्लींनी आत्म्याच्या साक्षीने ती मिळते असे सांगितले, पण मिळालेली कृपा गमावताही येते असेही बजावले.

राहिला तो बिगर-ख्रिस्ती शेजाऱ्याचा प्रश्न, जो तो सहसा मोठ्याने विचारत नाही: मग आमचे काय? काही मंडळ्यांचे उत्तर स्पष्ट आहे की ख्रिस्ताचे नाव ऐकून त्याच्यावर प्रकट विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, आणि त्यांच्या प्रचाराची निकड त्यातूनच येते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये असे म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान माहीत नाही, पण जे खऱ्या मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाचा कौल ऐकून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मात्र हे तारण त्यांच्या चांगुलपणाचे फळ आहे असे ती सभा म्हणत नाही; तिथेही ते कृपेचेच काम मानले आहे, फक्त ती कृपा चर्चच्या उंबरठ्याबाहेरही काम करते, एवढे मान्य केले आहे. वेस्लींच्या, आधीच येऊन थांबलेल्या कृपेच्या कल्पनेतही असाच वाव आहे, पण तो किती मोठा यावर मेथडिस्टांचे आपापसांत एकमत नाही.